सेवेला वय असतें काय?

सेवा हा सर्व वयांचा धर्म आहे असें आपण म्हणतों. पण सेवेची संस्था काढावयाची वेळ आली कीं पहिल्याच दिवशीं माणसांचीं वयें विचारतों. शाळेंतल्या मुलांचा एक गट, महाविद्यालयांतल्या तरुणांचा दुसरा, संसारांत स्थिरावलेल्या गृहस्थांचा तिसरा, अशी वांटणी आपल्याकडील बहुतेक सेवासंस्थांत आढळते. बालवीर चळवळींत कब-बुलबुल, स्काऊट-गाइड आणि रोव्हर-रेंजर अशा चढत्या पायऱ्या आहेत. १९०५ सालीं शिकागो शहरांत जन्मलेल्या रोटरी क्लबानें शाळकरी मुलामुलींसाठीं १९६२ मध्यें इंटरॅक्ट आणि तरुणांसाठीं १९६८ मध्यें रोटरॅक्ट अशीं दोन धाकटीं मंडळें काढलीं. लायन्स क्लबाच्या छायेखालीं लिओ क्लब उभे राहिले. नांदेड आणि लातूर या मराठवाड्यांतील दोन शहरांना हीं नांवें आतां परकीं राहिलेलीं नाहींत. या मंडळांनीं परस्परांशीं मिळून कसें वागावें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ व्यवस्थेचा वाटतो. बैठक कोणीं बोलवावी, खर्च कोणीं सोसावा, अहवाल कोणीं लिहावा, एवढें ठरलें कीं तो मिटला असें समजण्यांत येतें. आमच्या मतें तो नीतीचा प्रश्न आहे. थोरानें लहानाकडून सेवा करवून घ्यावी, कीं लहानाबरोबर स्वतः सेवा करावी, हें त्याचें खरें स्वरूप.

वयाप्रमाणें वांटणी मुळांत करावीच कां, अशी शंका नांदेडकरांना तरी सहज यावी. १७०८ मध्यें गुरु गोविंदसिंगांनीं जेथें देह ठेवला, त्या गोदाकांठच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरांत कोणी कोणाचें वय विचारीत नाहीं. पंक्तींत रोट्या वाढणारा दहा वर्षांचा मुलगा, पीठ मळणारी साठीची बाई आणि भांडीं घासणारा प्रतिष्ठित व्यापारी हे तेथें एकाच कामाचे तीन हात असतात. सेवा जर इतकी सहज एकत्र होऊं शकते, तर मग हे क्लब, ह्या शाखा आणि हीं वयोमर्यादांचीं कुंपणें कशाला?

या शंकेला उत्तर आहे, आणि तें लंगराचा मान राखूनच देतां येतें. लंगरांत काय करावयाचें हें शतकांच्या परंपरेनें ठरवून ठेवलें आहे. सेवेकऱ्याला फक्त हात लावावयाचा असतो. क्लबाची गोष्ट निराळी आहे. यंदा कोणतें काम हातीं घ्यावें, कोणाला मदत द्यावी, पैसा कोठून आणावा, हें त्याला दरवर्षीं नव्यानें ठरवावें लागतें. आणि ठरविण्याचा प्रसंग आला कीं आपल्या समाजांत वय आडवें येतें. वडील माणसानें तोंड उघडलें कीं धाकट्यांनीं मिटावें, हें वळण घराघरांतून मुरलेलें आहे. चाळीस वर्षांचा वकील आणि चौदा वर्षांचा विद्यार्थी एका बैठकींत बसले, तर मत वकिलाचें आणि माना विद्यार्थ्यांच्या, असाच शेवट होणार. मुलांचें मंडळ निराळें असलें म्हणजे तेथें तेरा वर्षांची मुलगी चिटणीस होते, जमाखर्च वाचून दाखविते, चुकते आणि पुढल्या महिन्यांत सुधारते. स्वतः ठरविण्याची संवय लागावयास समवयस्कांची बैठक हवी. शिवाय कांहीं कामें निसर्गानें व कायद्यानेंच वयाला बांधून टाकलेलीं आहेत. आपल्या देशांत अठरा वर्षांखालील मुलाचें रक्त दान म्हणून घेतां येत नाहीं; त्याची कितीही इच्छा असली तरी त्याला थांबावेंच लागतें. तेव्हां वांटणी सकारण आहे. दोष तिच्यांत नाहीं. तिची शिडी होते तेथें तो शिरतो.

शिडीच्या पायरीला स्वतःचें मोल नसतें. वरच्या पायरीपर्यंत पोंचविलें कीं तिचें काम संपलें. धाकट्या मंडळाकडे थोरले याच दृष्टीनें पाहूं लागले, म्हणजे मुलांची सेवा ही खऱ्या सेवेची रंगीत तालीम ठरते. मग मोठ्यांच्या समारंभांत सतरंज्या अंथरणें, खुर्च्या मांडणें, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणें आणि छायाचित्रासाठीं रांगेंत उभें राहणें, हीच धाकट्यांची कामगिरी होऊन बसते. सतरंजी उचलण्यांत कमीपणा आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. पण जी सतरंजी थोरल्यानें कधींच उचललेली नाहीं, ती धाकट्यानें नेहमींच उचलावी, याला शिस्त हें नांव देतां येणार नाहीं.

खुद्द रोटरीच्या इतिहासांत या दृष्टीचा पालट नोंदला गेला आहे. अर्धें शतक रोटरॅक्टच्या सदस्यत्वाला वयाची वरची मर्यादा असे आणि त्याचा प्रत्येक क्लब एखाद्या रोटरी क्लबाच्या पालकत्वाखालींच निघे. २०१९ मध्यें रोटरॅक्ट क्लबांना आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सदस्यत्वाचा दर्जा मिळाला. पुढें २०२० मध्यें वयाची वरची मर्यादा उठली आणि पालक-क्लबावांचून निघण्याची मोकळीकही आली. तरुणांचें मंडळ हें थोरांच्या मंडळाचें प्रतीक्षालय नव्हे, ही गोष्ट यांत मान्य झाली. नियम बदलला म्हणून मनें लगोलग बदलतात असें मात्र नाहीं. तें काम गांवोगांवच्या माणसांचें आहे.

निरनिराळ्या वयांची सेवा स्वतःच्या जागीं पूर्ण असते, हें लातूर जिल्ह्याला १९९३ नंतर फार मोठी किंमत देऊन कळलें. त्या वर्षीं ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून माणसें निजलीं असतां, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरांत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींखालीं हजारों माणसें गेलीं. पुढें ५२ गांवें दुसऱ्या जागीं नव्यानें वसवावीं लागलीं. अशा आपत्तींत सेवेचे तीन काळ असतात. पहिल्या कांहीं दिवसांत मनगटाचें काम असतें: ढिगारे उपसणें, जखमींना उचलणें, मृतांचे अंत्यविधि करणें. तें तरुणांचें. पुढच्या महिन्यांत धान्य, पत्रे, औषधें यांची वांटणी, सरकारी कचेरींतले अर्ज आणि चोख हिशेब यांचें काम येतें. तें अनुभवी माणसांचें. आणि त्यानंतर जीं वर्षें येतात, वर्तमानपत्रांतून बातमी गेलेली असते व मदतीच्या मोटारी परतलेल्या असतात, तेव्हां उरतात तीं पोरकीं मुलें. त्यांच्याजवळ बसून अभ्यास करणारा, त्यांच्याशीं खेळणारा समवयस्क सोबती जें देऊं शकतो, तें मोठा देणगीदारही देऊं शकत नाहीं.

या तिसऱ्या काळाची जाण ज्यांनीं ठेवली, त्यांत राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते होते. १९४१ सालीं उभारणी झालेल्या या दलानें किशोर आणि तरुण यांनाच आपलें कार्यक्षेत्र मानलें, एस. एम. जोशी त्याचे पहिले दलप्रमुख होते. भूकंपानंतर पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकारानें नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ हें निराधार मुलांचें वसतिस्थान निघालें. ज्या पिढीनें तरुणपणीं कवायत आणि समूहगीतें यांतून सेवेचा धडा घेतला, त्याच पिढीचीं माणसें उतारवयांत लेंकरांचीं पालक झालीं. वयोगटांचें सहकार्य म्हणजे एका दिवशीं एकाच मांडवांत सर्वांनीं जमणें, असें जे समजतात त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. सेवेचें सूत्र एका आयुष्यांतून दुसऱ्या आयुष्यांत जावें लागतें, आणि त्याला वीस-पंचवीस वर्षें लागतात.

हें सूत्र आज कोठें तुटतें? आमच्या मतें, नेमकें सोळा ते अठरा या वयांत. आणि लातूर व नांदेड येथें तें इतर ठिकाणांपेक्षां अधिक स्पष्ट दिसतें. ‘लातूर पॅटर्न’ या नांवानें ओळखली जाणारी अभ्यासपद्धति साऱ्या महाराष्ट्रांत गाजली. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठीं दूरदूरचीं मुलें या दोन शहरांत येऊन खोल्या घेऊन राहतात. त्यांचा दिवस शिकवणी, सराव-परीक्षा आणि झोंप यांत वांटलेला असतो. शाळेंत इंटरॅक्टचा उत्साही चिटणीस असलेला मुलगा दहावीनंतर दिसेनासा होतो. त्याला विचारलें तर तो म्हणतो, आईवडिलांनीं सांगितलें आहे कीं दोन वर्षें दुसरें कांहीं नको.

या आईवडिलांना स्वार्थी म्हणणें सोपें आहे, पण अन्यायाचें आहे. ज्या जिल्ह्याच्या शहराला २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, तेथील कोरडवाहू शेतकऱ्याला मुलाची परीक्षा हेंच एक खात्रीचें पीक वाटलें, तर त्याला कोण दोष देईल? त्या मुलाचा अभ्यास हीच त्या घटकेची कुटुंबसेवा आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु “आधीं गुण मिळव, सेवा मागाहून कर” या वाक्यांत एक विष आहे. सेवा ही स्वतःचें सर्व साधल्यावर उरलेल्या वेळांत करावयाची गोष्ट आहे, असें तें शिकवितें; आणि हा धडा ज्याला सोळाव्या वर्षीं पटला, त्याला चाळिसाव्या वर्षीं तो विसरावयास लावणें फार कठीण. उद्यां हाच मुलगा डॉक्टर होणार आहे. रोगी त्याच्यापुढें माणूस म्हणून येईल कीं सराव-परीक्षेंतला प्रश्न म्हणून येईल, याचा निकाल पुष्कळसा याच दोन वर्षांत लागतो. महाविद्यालयांत गेल्यावर १९६९ सालीं सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना त्याला भेटते. तेथें दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचें एक शिबिर अशी अपेक्षा असते. पण सेवेकडे पाठ फिरवून आलेल्या मुलाला ते तास मोजून संपवावयाचे तास वाटतात, आणि त्याची नजर प्रमाणपत्राकडे लागते.

शिक्षण कीं सेवा, हा पेंच मराठवाड्याला नवा नाहीं. १९३८ मध्यें निजामी राजवटींत ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना बाहेर काढण्यांत आलें, तेव्हां त्यांपैकीं पुष्कळांनीं नागपूर विद्यापीठांत जाऊन शिक्षण पुरें केलें. त्यांनीं अभ्यास सोडला नाहीं आणि निष्ठाही सोडली नाहीं. त्याच वर्षीं वडीलधारे काय करीत होते तेंही पाहण्यासारखें आहे. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ सत्याग्रह करून तुरुंगांत गेले. मुलांना पुढें घालून ते मागें राहिले नाहींत. स्वातंत्र्यानंतर याच स्वामीजींच्या पुढाकारानें नांदेडला १९५० मध्यें पीपल्स कॉलेज निघालें, आणि नांदेड-लातूरच्या परिसरासाठीं १९९४ मध्यें स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचें नांव लाभलें. थोरांचा अधिकार वयांतून येत नाहीं, आधीं स्वतः पाऊल टाकण्यांतून येतो, हें या नांवाचें स्मरण आहे.

तेव्हां थोरल्या मंडळाकडे धाकट्यांचें तीन गोष्टींचें देणें लागतें असें आम्ही समजतों. पहिलें, सत्य: कामाचा हेतु आणि पैशाचा हिशेब मुलांनाही समजेल असा सांगितला पाहिजे. पोलिओच्या रविवारीं घोषणा देत फिरलेल्या मुलाला, हे दोन थेंब कशासाठीं आणि २०१४ मध्यें आपला देश पोलिओमुक्त ठरला तो कशानें, हें माहीत नसेल तर त्याच्याकडून आवाज घेतला, सेवा घेतली नाहीं. दुसरें, नकाराचा हक्क: “हें काम आम्हांला पटत नाहीं” असें धाकट्यांना मान न गमावतां म्हणतां आलें पाहिजे. सोळाव्या वर्षीं मुलाला मित्र मानावें ही शिकवण आपल्याकडे जुनीच आहे. आणि मित्राच्या नकाराला उद्धटपणा म्हणत नाहींत. तिसरें, वेळेवर बाजूला होणें: जें काम तरुणांना साधतें तें त्यांच्या हातीं देऊन, बोलावल्यावरच सल्ला द्यावयास जाणें.

धाकट्यांकडेही देणें आहे. थोरांजवळ गांवाची आठवण असते. कोणत्या वस्तींत मागें काय फसलें, कोणत्या घरीं मदत मागावयास लाज वाटते, कोणतें वचन दिलें गेलें आणि पाळलें गेलें नाहीं, हें त्यांना ठाऊक असतें. ही आठवण विचारून घेतल्यावांचून तरुणांचा उत्साह त्याच खड्ड्यांत पुन्हां पडतो. आणि हातीं घेतलेलें काम पुरें करणें हें दुसरें देणें. कारण अर्धवट सोडलेली सेवा गरजवंताचा माणसांवरील विश्वास घेऊन जाते, आणि पुढें येणाऱ्या प्रत्येकाला तो भरून काढावा लागतो.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं या तिन्ही वयांचीं माणसें एका छपराखालीं राहत असतील. कोणत्याही क्लबाच्या नियमावलीपेक्षां तेथील संभाषणावर या प्रश्नाचा निकाल अधिक अवलंबून आहे. परीक्षेच्या वर्षांत मुलाला आठवड्याचा एक तास मागितला, तर त्याचे गुण बुडत नाहींत. शेजारच्या एखाद्या मुलाला गणित समजावून देणें किंवा आजारी वृद्धाची औषधें आणून देणें एवढ्या तासांत होतें. पण तो तास मागणाऱ्या बापानें स्वतःचाही एक तास त्याच्याशेजारीं ठेवला पाहिजे. बाप ज्या कामाला स्वतः जात नाहीं, तें काम महत्त्वाचें आहे यावर कोणत्याही वयाच्या मुलाचा विश्वास बसत नाहीं.