तापवलेला पत्रा तोच असतो का?

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून किक मारून चालू होणारी चारचाकी उभी केली. डिसेंबर २०२१मध्ये आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. बोलेरो नाशकात तयार होते. दोन्ही गाड्यांना पत्राच लागतो, पण कारखान्यातलं प्रेस मशीन त्याला मोजक्या दणक्यांत आकार देतं. घरी गाडी बांधणाऱ्याला तोच आकार हातोडीच्या असंख्य ठोक्यांतून काढावा लागतो, आणि त्या ठोक्यांच्या मध्येच विस्तव येतो.

अॅल्युमिनियमचा डॅशबोर्ड घडवताना पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने ठोकतात. ठोकता ठोकता तो कडक होत जातो. स्पीडोमीटरच्या गाळ्याभोवतीचा काठ वळवायला घेतला की हाताला अडतो. तरी जोर केला तर चिरतो. मग त्याला नरम करायचं. अडचण अशी, की अॅल्युमिनियम लालबुंद होऊन सूचना देत नाही. साधारण ६६० अंशांना थेट वितळतं. म्हणून कारागीर पत्र्यावर साबण घासतो आणि खालून ज्योत फिरवतो. साबण काळा पडला की ज्योत बाजूला. निवल्यावर तोच पत्रा पुन्हा मऊ, वाकायला तयार. जुन्या नाशकातल्या तांबट आळीला ही विद्या तांब्याच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

तोच पत्रा?

भट्टीतल्या मडक्यावरून आपल्या दर्शनकारांनी हाच वाद मांडला. कच्चं मडकं काळपट, भाजलेलं लाल. वैशेषिक म्हणाले, आगीत मडकं परमाणूंपर्यंत सुटं होतं, परमाणूंचा रंग बदलतो आणि त्यांतून नवं मडकं जुळतं. नाहीतर उष्णता आतपर्यंत पोचणार कशी? हा पीलुपाक. नैयायिकांना ते पटेना. मडकं विरलं, तर त्याच्यावर रचलेली मडकी कोसळत कशी नाहीत? भट्टीत डोकावलं तर ते जागच्या जागी दिसतं. मडकं सच्छिद्र असतं, आग त्या छिद्रांतून शिरते आणि अख्ख्या मडक्याचाच गुण पालटतो. हा पिठरपाक.

धातुशास्त्राने दोघांनाही थोडं थोडं देऊ केलं आहे. ठोक्यांनी धातूच्या कणरचनेत विस्कळीतपणा साठतो, म्हणून तो ताठरतो. पुरेशा तापात जुन्या कणांच्या जागी नवे स्फटिककण वाढतात. आतली वीण नवी होते, हे वैशेषिकांच्या बाजूचं; पत्रा मात्र एक क्षणही विरत नाही, वळवलेला काठ वळलेलाच राहतो. गुण बदलायचा तर आत काहीतरी नव्याने जुळलंच पाहिजे, हा वैशेषिकांचा आग्रह रास्त होता. त्यासाठी वस्तू नष्ट व्हावी लागते, एवढंच त्यांचं चुकलं.

यात मडक्याहून मोठं काही पणाला लागलेलं आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आत्म्याची सिद्धी ओळखीवरच उभी आहे: जे डोळ्यांनी पाहिलं तेच हाताने स्पर्शिलं, असं जाणणारा कुणी एक असला पाहिजे. आगीतून निघालेलं सगळंच नवं ठरलं, तर या ओळखीचा पाया डळमळतो.

नाशिककरांना हा प्रश्न पोथीत शोधावा लागत नाही. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी शैव आखाड्यांचे साधू जमतात. संन्यासदीक्षेत माणूस स्वतःचं पिंडदान करतो आणि नवं नाव घेतो. हिंदू कायद्यानेही संन्यास हा नागरी मृत्यू मानला. पूर्वाश्रमीच्या मालमत्तेवरचा हक्क सुटतो. विधी आणि कायदा दोघेही पीलुपाकाच्या बाजूचे. पण दीक्षेपूर्वी व्याकरण शिकलेल्याला ते नंतरही येतं, त्याची बोली कानाला ओळखू येते, आणि आईला गर्दीतही त्याचा चेहरा सापडतो. पिंड ठेवणारा हात आणि नवं नाव स्वीकारणारा माणूस एकच नसेल, तर त्यागाचं श्रेय कुणाला द्यायचं? दीक्षेला अर्थ यायचा तर नैयायिकांचंच म्हणणं मान्य करावं लागतं.