पाय हद्दीत, हात बाहेर

मे 2023मध्ये श्वेतांबर आचार्य धर्मधुरंधर सूरी अटारी-वाघा सरहद्द पायी ओलांडून पाकिस्तानात गेले. गुजरानवाल्यात आत्मारामजींची समाधी आहे, तिचं दर्शन घेऊन परत आले. आमच्या निपाणीत कुणी म्हणालं, ‘साधूला कसली आलीय सीमा!’

खरंच आहे. दिग्व्रत साधूला नाही, आपल्याला, श्रावकांना. अमुक नदी, अमुक डोंगर, त्यापलीकडे जन्मभर जायचं नाही. (बायकांना हे वेगळं सांगायची गरज नव्हती म्हणा, आमची हद्द दुसऱ्यांनीच आखलेली.) देशव्रतात तीच हद्द ठरावीक काळापुरती आणखी आवळायची, अगदी गल्लीपर्यंत.

तत्त्वार्थसूत्रात देशव्रताचे पाच अतिचार आहेत. बाहेरून वस्तू आणवणं, माणूस धाडणं, हाक मारणं, रूप दाखवणं, खडा फेकणं. पाचांतही पाय हद्दीतच! मग ऑनलाइन मागवलेली साडी, व्हिडिओ कॉल, सगळं आलंच की.

1956पासून आम्ही इकडे कुठल्या राज्यातले म्हणून भांडतोय, पण निपाणीच्या तंबाखूला कुठलीच सीमा आडवी आली नाही. दशलक्षणात उंबरा न ओलांडणारे शेठजी घरात बसून फोनवर तिचे सौदे करतात. व्रत मोडलं म्हणावं का? मोडलं नाही, पण मळलं. मला तर चार हात पुढची जमीन बघत परदेशात गेलेला साधू यांच्यापेक्षा कमी लांब गेलेला वाटतो.

यंदा दहा दिवस मीही हद्द धरणार आहे. पुण्याच्या लेकीला सांगितलं, मी फोन करणार नाही. ती म्हणाली, ‘आणि मी केला तर अतिचार कुणाचा गं, आई?’