आग्रहाचं पथ्य

मराठी घरात माया मोजायचं माप ठरलेलं आहे: पानात किती वेळा वाढलं. पाहुणा दोन्ही हात ताटावर आडवे धरतो, तरी भाताची आणखी एक मूद पडतेच. "एवढ्याने काय होतंय!" हा आग्रह विमानातून जर्मनीत हॅनोव्हरलाही येतो, आणि त्याचं वजन कुणी करत नाही. माणसांवर तो इथेही चालतो. कुत्र्यावर मात्र उलटतो, आणि कुत्र्याला अन्नाची ॲलर्जी असेल तर फारच वाईट उलटतो.

आमच्या बंड्याचं तसंच आहे. पंजे चाटून चाटून बोटांमधली लव तांबूस झालेली, कानांना आंबूस वास, रात्री पोट खाजवल्याची खरखर. आणि वाडगं पुढे ठेवलं की एकदा हुंगून, आपल्याकडे एक नजर टाकून, स्वारी पॅसेजमध्ये जाऊन आडवी होणार. मग आपण दुसरा डबा फोडायचा. त्यातले चार घास तो खाणार, आपल्याला धन्य वाटणार, आणि परवा त्यालाही नाक मुरडलं जाणार. फ्रिजमध्ये अर्धवट डब्यांची रांग लागते: टर्की, बदक, मेंढी, साल्मन. पैसे जातात ते जातातच, पण खरी चीड वेगळी असते. इतकं करून तो धड खातही नाही आणि बराही होत नाही.

यात दोन गोष्टींचा गुंता असतो. नखरा हा बहुतेक वेळा शिकलेला असतो. नाक मुरडलं की काहीतरी चांगलं येतं, हे कुत्र्याला आपणच दाखवून दिलेलं असतं. ॲलर्जी शिकलेली नसते, ती अंगात असते. आणि आपण दोन्हींवर एकच औषध देतो: नवा डबा. नखऱ्याला ते बक्षीस ठरतं. ॲलर्जीच्या बाबतीत त्याहून वाईट होतं, कारण दर नव्या डब्यागणिक कुत्र्याने कधीच न खाल्लेलं असं एकेक मांस खर्ची पडतं. उद्या निदानासाठी नेमकं तेच लागणार असतं.

ॲलर्जी अनोळखी अन्नाची होत नाही, खाण्यातल्या अन्नाचीच होते. म्हणून आरोपींच्या यादीत सगळे रोजचे ओळखीचेच निघतात. म्युनिकचे राल्फ म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली अन्नामुळे त्वचेचा त्रास होणाऱ्या 297 कुत्र्यांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. त्यांपैकी 34 टक्क्यांना गोमांस बाधत होतं, 17 टक्क्यांना दूधदुभतं, 15 टक्क्यांना कोंबडी आणि 13 टक्क्यांना गहू. दुकानातली 'धान्यविरहित' पाकिटं महाग असतात, पण ही यादी पाहिली की त्यांचा तोरा उतरतो. दोष बहुधा मांसातच असतो.

हे शोधायला रक्ताची तपासणी पुरत नाही. केस किंवा लाळ पाठवून घरबसल्या उत्तर देणाऱ्या चाचण्या तर विसरूनच जाव्यात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात खऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर खेळण्यातल्या प्राण्याची कृत्रिम लोकरही पाठवली होती. त्या लोकरीलाही ॲलर्जी असल्याचा निकाल आला. भरवशाची पद्धत एकच, आणि ती कंटाळवाणी आहे. पूर्वी कधी न खाल्लेलं एकच मांस आणि एकच पिष्ट, किंवा ज्यातली प्रथिनं आधीच बारीक तोडलेली आहेत असं खास खाद्य. आठ आठवडे तेच, दुसरं काही नाही. आठ आठवडे यासाठी की तेवढ्यात दहांपैकी नऊहून जास्त ॲलर्जीवाल्या कुत्र्यांना उतार पडतो. तीन आठवड्यांत कंटाळून सोडलं तर काहीच कळत नाही.

आता न खाल्लेलं मांस आणायचं कुठून? हॅनोव्हरमध्ये याचं एक ठरलेलं उत्तर आहे, आणि ते ऐकून मराठी माणूस थोडा अवघडतो. ते म्हणजे घोडा. या राज्याचं, नीडरझाक्सनचं, चिन्हच तांबड्या ढालीवरचा पांढरा घोडा आहे. विद्यापीठाच्या दारात त्याचाच ब्राँझचा पुतळा उधळलेला आहे. शहराचं दुसरं, नुसतं पशुवैद्यकाचं विद्यापीठ आहे, ज्याला सगळे 'टिहो' म्हणतात. ते 1778 साली सुरू झालं तेव्हा त्याचं नावच घोड्यांच्या वैद्यकीची शाळा असं होतं. काढली होती तिसऱ्या जॉर्जने. अमेरिकन वसाहती ज्याच्या हातून गेल्या तो हाच इंग्लंडचा राजा. हॅनोव्हरही त्याच्याच घराण्याचं. अशा गावात कुत्र्याच्या पथ्यासाठी दुकानातून शुद्ध घोड्याच्या मांसाचा डबा आणायचा, आणि दसऱ्याला घोड्याला झेंडूची माळ घालणाऱ्या मुलखातून आलेल्या हातांनी तो उघडायचा. नको असेल तर कांगारू आहे, ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या आहेत. एकदा सवय झाली की अळ्यांचं काही वाटत नाही. घोड्याचं मात्र मला अजून वाटतं. हरणाचं मांस सात्त्विक दिसतं, पण गोमांस बाधणाऱ्या कुत्र्याला तेही बाधू शकतं, दोघांची प्रथिनं सारखी असल्यामुळे. कोंबडी नको म्हणून बदकाकडे वळणाऱ्याचंही असंच फसू शकतं.

डब्यावरचं वाचायला शिकणं हा या आठ आठवड्यांतला निम्मा अभ्यास. युरोपात डब्यावर 'मेंढीसह' लिहायला त्यात चार टक्के मेंढी पुरते. उरलेलं 'मांस व प्राणिजन्य उपपदार्थ' या एका ओळीत बसतं, आणि त्या ओळीत कोंबडी आहे की डुक्कर, ते सांगायचं बंधन नाही. चित्रात हिरव्या कुरणावर मेंढी चरत असते. 'संपूर्ण आहार' आणि 'पूरक आहार' असा फरकही डब्यावर लिहिलेला असतो. शुद्ध मांसाचा डबा बहुधा पूरक असतो. नुसत्या त्यावर कुत्रा महिनोन्‌महिने ठेवला तर कॅल्शियम कमी पडतं. घरी शिजवून घालणाऱ्यांचीही हीच अडचण. टिहोतले पशुआहाराचे प्राध्यापक हेल्मुट मायर यांनी 1983 साली कुत्र्याच्या आहारावर एक जाड पुस्तक लिहिलं. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या अजून वापरल्या जातात. प्रेमाने शिजवलेलं म्हणजे पुरेसं, असं त्या शास्त्रात कुठे नाही.

पण डबा कितीही अचूक निवडला तरी पथ्य मोडतं ते वाडग्याबाहेर. बाहलसेन कंपनीचं लाइबनिझ बिस्किट याच गावचं. 1891 पासून मिळणारं, कडेला 52 दात असलेलं, गहू आणि लोण्याचं. ते मुलाच्या हातातून खाली पडतं, आणि पडायच्या आत कुत्र्याच्या तोंडात गेलेलं असतं. जंताची गोळी चीजमध्ये घालून देतात. काही गोळ्यांना तर मुळातच मांसाची चव लावलेली असते. शहरातल्या आयलनरीडेच्या जंगलात सकाळी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाच्या कोटाच्या खिशात कुत्र्यांसाठी खाऊ असतो. इथले लोक निदान आधी मालकाला विचारतात, "डार्फ एअर?", म्हणजे त्याला चालेल का? नाही म्हटलं तर कुणाला राग येत नाही. घरच्या माणसांचं तसं नाही. पुण्याहून आजी आल्या की टेबलाखालून पोळीचा तुकडा जाणारच. "काय गं, एवढासा तुकडा! मुका जीव नुसता बघत बसतो." नीडरझाक्सनमध्ये पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याला 2013 पासून लेखी आणि प्रत्यक्ष अशी परीक्षा द्यावी लागते, पण आजींना आवरायचं कसं, हे काही तिच्यात येत नाही.

आजींच्या बाजूला तर साक्षात संत आहेत. नामदेवांच्या ताटातली पोळी कुत्र्याने पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणत, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यात विठ्ठल कुत्र्यात दिसला हे मोलाचं आहेच. पण गहू आणि दूधदुभतं, दोन्ही वरच्या यादीतले. नामदेवांचं चुकलं असं म्हणायचं नाही. ते त्या कुत्र्याला ओळखत नव्हते, आणि त्या कुत्र्याने कुठल्याच पोळीला नाक मुरडलं नसतं. आपण मात्र आपल्या कुत्र्याला ओळखतो. कशाने त्याची कातडी लाल होते हे कळल्यावरही वाटी घेऊन धावलो, तर ते त्याच्यासाठी नसतं. आपल्याला बरं वाटावं म्हणून असतं.

नखऱ्याचं काय करायचं, याची उत्तरं त्यामानाने सोपी आहेत. नवं अन्न एकदम सुरू करायचं नाही. आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळत न्यायचं. फ्रिजमधलं गार तसंच घालायचं नाही, कोमट करायचं, कारण कुत्रा जिभेपेक्षा नाकाने जेवतो आणि गार अन्नाचा वास फारसा येत नाही. वाडगं ठेवायचं, पंधरा-वीस मिनिटांनी काही न बोलता उचलायचं. समोर बसून विनवण्या करायच्या नाहीत, घास भरवायचा नाही, वर तूप सोडायचं नाही. अंगापिंडाने धडधाकट कुत्रा एखादी वेळ उपाशी राहिला तर बिघडत नाही. पिल्लू असेल, मधुमेही किंवा अगदी चिमुकल्या जातीचा कुत्रा असेल, तर हा हट्ट धरू नये.

आणि एक शंका मनात कायम ठेवावी: हा खरंच नखरा आहे का? अन्नाच्या ॲलर्जीत कातडीबरोबर आतडंही धुमसतं. ज्या खाण्याने पोटात कळ येते ते खाणं टाळायला कुत्रा शिकतो, आणि आपण त्याला नाटकी म्हणतो. उलटी, पातळ शौच, गवत खाणं, वजन उतरणं यातलं काही बरोबर दिसलं तर ती तक्रार समजावी. दाताचं दुखणंही असंच नखऱ्याच्या नावाखाली लपतं. पूर्वी आवडीने खाणारा कुत्रा अचानक खाईनासा झाला तर शिस्त लावायची ती वेळ नव्हे.

समजा, आठ आठवडे निभावले. खाज थांबली, पंजे कोरडे झाले, रात्री घर शांत झोपू लागलं. आता सगळ्यांत अवघड पायरी येते. जुनं अन्न पुन्हा घालायचं, मुद्दाम, आणि खाज परत येते का ते बघायचं. काही तासांत येईल, नाहीतर दोन आठवडे लागतील. परत आली आणि पथ्याने पुन्हा गेली, तरच ती अन्नाची ॲलर्जी. नाहीतर ऋतू बदलला म्हणून, औषध लागू पडलं म्हणून किंवा धुळीतले किडे कमी झाले म्हणूनही कुत्रा बरा झालेला असू शकतो. याच पायरीवर बहुतेक लोक थांबतात. बरा झालेल्या जिवाला हाताने दुखणं घालायचं, हे मनाला पटत नाही. "चाललंय ना बरं, मग कशाला उकरायचं?" परिणाम असा की कितीतरी कुत्री आयुष्यभर महागडं पथ्य पाळतात, ज्याची गरज होती की नव्हती हे कधीच ठरत नाही. पुढे पुन्हा खाज सुटली की मालक हातातलं शेवटचं मांसही बदलून टाकतो. बंड्याची ही परीक्षा आम्ही घेतली. कोंबडी परत घातल्यावर दुसऱ्या दिवशीच कान लाल झाले. वाईट वाटलं. पण त्या दिवसापासून मेंढी, भात, बटाटा, गाजर एकेक करून त्याच्या वाडग्यात परत आलं. खायला काय चालतं, ते त्या लाल कानांमुळेच ठरवता आलं.

आता महाराष्ट्रात कुत्रा पाळणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपल्याकडे त्याला दहीभात, पोळी, चिकन-भात, अंडं, पनीर, मटणाची हाडं, चहाबरोबरचं बिस्किट असं सगळंच मिळतं, आणि कौतुकाने मिळतं. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी खाज सुटली की पथ्याला न खाल्लेलं असं काही उरलेलंच नसतं. मग तोडलेल्या प्रथिनांचं महागडं खाद्य हाच मार्ग राहतो. तेव्हा कुत्रा लहान असतानाच एखादं मांस किंवा एखादा मासा राखून ठेवा, कधीच देऊ नका. कांदा तर कुठल्याच कुत्र्याला नको, ॲलर्जी असो वा नसो. तो त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. पिल्लू घरी आल्या दिवसापासून त्याने काय काय खाल्लं, ते एका वहीत लिहीत चला, गोळ्या आणि बिस्किटांसकट. खाज घेऊन पशुवैद्याकडे गेलात की ही वही बरोबर न्या. पथ्य कशाचं ठरवायचं, ते तिच्यावरूनच ठरतं.