दुष्टाच्या मनात शिरणे हा दोष आहे काय?

काशीक्षेत्री पंचगंगेजवळ जो बालाजी घाट आहे, त्या परिसरातील गल्ल्यांतून पिढ्यान्पिढ्या नांदत आलेली महाराष्ट्रीय कुटुंबे आजही आहेत. कार्तिकस्नान, एकादशी, गीतापाठ हे तेथील घरांतून चालतेच. आणि रात्री जेवणे उरकली की दूरचित्रवाणीवर मराठी मालिकाही चालतात. अशाच एका घरातील वृद्ध मातोश्रींनी प्रस्तुत लेखकास विचारले, “शास्त्रीबुवा, ‘देवमाणूस’ मालिका मी रोज पाहत असे. तो मेला खुनी आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक. तरी पोलीस दाराशी आले की माझ्या छातीत धडधडे, आणि मनात येई, आता हा सुटावा. सकाळी पोथी उघडताना त्याची लाज वाटे. याचे पाप लागते का हो?”

प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. ज्यांनी ही मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सातारा जिल्ह्यात वाईजवळ धोम येथे २०१६ साली एक हत्याकांड उघडकीस आले. जमिनीत पुरलेली प्रेते निघाली. त्या घटनेच्या आधाराने रचलेली ही कथा ऑगस्ट २०२० च्या अखेरीस झी मराठी वाहिनीवर सुरू झाली. अजितकुमार देव हा एका खेड्यातील तोतया डॉक्टर. गाव त्याला देवमाणूस म्हणते. तो स्त्रियांचा विश्वास संपादन करतो, त्यांना लुबाडतो आणि ठार मारतो. किरण गायकवाड या नटाने ही भूमिका केली. प्रेक्षकाला सर्व ठाऊक, गावाला काहीच ठाऊक नाही. म्हणून प्रेक्षक आपसूकच त्या खुन्याच्या बाजूला, पडद्याआड उभा राहतो. सारी मेख येथे आहे.

आपल्या साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. शाकुंतलाच्या प्रारंभी दुष्यंताच्या बाणाला भिऊन हरिण पळते. त्या प्रसंगी प्रेक्षकाला वाटणारे भय कोणाचे? अभिनवगुप्ताचार्य म्हणतात, ते ना हरिणाचे, ना प्रेक्षकाचे. ‘माझे’, ‘परक्याचे’, ‘शत्रूचे’ ही सर्व विशेषणे गळून पडलेले ते केवळ भय आहे. भट्टनायकाने यालाच साधारणीकरण म्हटले. तेव्हा दारावर थाप पडताच मातोश्रींची छाती धडधडली यात पाप कसले? हरिणासाठी धडधडणारे हृदय तेच, आणि लांडग्यासाठी धडधडणारेही तेच.

परंतु त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. छाती धडधडली ही एक, आणि ‘हा सुटावा’ असे वाटले ही दुसरी. दुसरीला भय म्हणता येत नाही; ती इच्छा आहे, आणि इच्छेला पक्ष असतो. मी त्यांना विचारले, त्याने मारलेल्या बायकांची नावे आठवतात का? एक आठवले, तेही अर्धे. डॉक्टरच्या सदऱ्याचा रंग मात्र आठवत होता. मला वाटते, दोष शोधायचाच तर तो येथे शोधावा.

याच्या तुलनेस ‘मृच्छकटिका’तील शर्विलक घ्यावा. देवलांच्या संगीत नाटकामुळे तो महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. दान न घेणाऱ्या वेदज्ञाचा हा पुत्र रात्री चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो. मापाची दोरी विसरला म्हणून जानव्यानेच भिंत मोजतो. भोकाचा आकार कमळाचा करावा की पूर्णकुंभाचा, याचा तो कारागिराच्या निष्ठेने विचार करतो. आपण हसतो, श्वास रोखतो, घरातले जागे होऊ नयेत असे आपल्यालाही वाटते. तो चोरी करतो तीही प्रेयसी मदनिकेला दास्यातून सोडविण्यासाठी. म्हणजे तादात्म्याला लागणारी सर्व सामग्री कवीने पुरविली आहे. पण चोर निघून गेल्यावर कवी त्याच्यामागे धावत नाही. तो त्याच घरात थांबतो. चोरीस गेलेले अलंकार दुसऱ्याची ठेव होते. दरिद्री चारुदत्तावर आता अपहाराचा कलंक येणार. त्याची पत्नी धूता माहेरून मिळालेली रत्नावली, तिच्यापाशी उरलेला तो एकच दागिना, व्रताचे निमित्त करून देऊन टाकते. ज्या प्रेक्षकाने क्षणापूर्वी चोराला मनोमन साथ दिली, त्याला त्या चोरीची किंमत स्त्रीच्या रिकाम्या गळ्यात पाहावी लागते. शूद्रक उपदेशाचा एक शब्द बोलत नाही.

शिवाय ते नाटक संपते. भरताने नाटकाचे पाच संधी सांगितले, त्यांतला शेवटचा निर्वहण. तेथे विखुरलेले धागे एकत्र येतात आणि चित्ताला विश्रांती मिळते. नित्य मालिकेचा धंदाच निर्वहण लांबविण्याचा. ‘देवमाणूस’चे पहिले पर्व २०२१ च्या ऑगस्टात संपले, डिसेंबरात तोच पुरुष पुन्हा उभा राहिला आणि २०२५ मध्ये तिसऱ्यांदा आला. जे भय रोज चेतविले जाते आणि कधीच विसावत नाही, ते मग आस्वाद राहत नाही, संस्कार होते. विषयाचे ध्यान करता करता संग जडतो, असे भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. तेथे ‘चांगल्या विषयाचे’ किंवा ‘वाईट विषयाचे’ असा भेद केलेला नाही.

मग दुष्टाच्या अंतरंगाकडे पाठच फिरवावी काय? तसेही नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी पुरुषाचे वर्णन चालू असता तेराव्या श्लोकापाशी एकाएकी ‘तो’ जातो आणि ‘मी’ येतो. आज मी हे मिळविले, उद्या ते मिळवीन. हा शत्रू मी मारला, इतरांनाही मारीन. मी धनवान, मी कुलीन, माझ्यासारखा दुसरा कोण. मी यज्ञ करीन, दान देईन. लक्षात घ्यावे की हाही यज्ञ-दानाच्या गोष्टी बोलतो. याच्याही गावाने याला देवमाणूस म्हटले असते. तीन श्लोक हा ‘मी’ अखंड बोलतो. ‘असे तो म्हणतो’ ही सूचना आधी कोठेच नाही. पंधराव्या श्लोकाच्या शेवटी ‘इति’ येते आणि मग कळते की हे अज्ञानाने मोहित झालेल्याचे बोलणे होते. बालाजी घाटावर पहाटे पाठ करणारा सत्शील गृहस्थ ते तीन श्लोक स्वतःच्याच तोंडाने, स्वतःच्याच आवाजात म्हणतो.

संस्कृतात अवतरणचिन्हे नव्हती. अलीकडच्या काही छापील आवृत्त्यांत तेराव्या श्लोकाच्या आरंभीच ती घातलेली दिसतात, म्हणजे वाचक पहिल्या शब्दापासून सावध होऊन बाहेर उभा राहतो. मराठी अनुवाद करताना मी ती चिन्हे घातलेली नाहीत. ते तीन श्लोक वाचकाने त्या ‘मी’बरोबर काढावेत आणि मगच ‘इति’ यावे, एवढी व्यवस्था मूळ संहितेप्रमाणे ठेवली आहे.