सुईची परीक्षा, आकडीची परीक्षा

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना चीनच्या युद्धभूमीवर मरण आलं, पण ते गोळीने नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, आकडीच्या झटक्यांनी त्यांचा प्राण घेतला. १९३८ साली त्यांच्यासोबत चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले डॉ. बिजय कुमार बसू पुढे तिथे ॲक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचून करायचे उपचार, शिकले आणि त्यांनी ती विद्या भारतात आणली. आकडी आणि सुई या दोन्ही गोष्टी एकाच पथकाच्या इतिहासात आहेत. दोन्हींबाबत संशोधकांना पुढे एकच प्रश्न सोडवावा लागला: हे नेमकं कशामुळे होतं?

आकडीच्या अनेक रुग्णांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग झिजलेला असतो, हे जर्मनीच्या विल्हेल्म सोमर यांनी १८८० सालीच नोंदवलं होतं. पण झीज आधी की झटका आधी? आणि झटक्यात श्वास कोंडतो, ताप चढतो, रक्तदाब ढासळतो. मग पेशी मरतात त्या यामुळे, की झटक्यामुळेच? १९७३ साली ब्रायन मेल्ड्रम आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांवर याचा निकाल लावला. औषध देऊन स्नायू लुळे केले, श्वास यंत्राने चालू ठेवला. शरीर निपचित पडलेलं, मेंदूत मात्र विजेचं थैमान तासन्‌तास चालू. इजा काही भागांत कमी झाली, पण हिप्पोकॅम्पसच्या पेशी तरीही मेल्या. म्हणजे अतिउत्तेजित पेशी स्वतःच्याच उत्तेजनेने मरतात. मुक्या जनावरांवरचा हा प्रयोग वाचताना जीव कासावीस होतो. पण लांबलेली आकडी तातडीने थांबवायलाच हवी, या आजच्या आग्रहाला असल्याच संशोधनाचा भक्कम आधार आहे. दोन-तीन मिनिटांत थांबणाऱ्या एखाद्या झटक्याने मेंदू असा खराब होत नाही, हेही घरच्यांना सांगायला हवं.

सुई ज्यासाठी टोचतात, त्या पाठदुखीत कोडं उलटं आहे. दुखणं खरं असतं, पण एक्स-रेमध्ये बहुतेकदा त्याचं कारण सापडत नाही. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या ॲक्युपंक्चरच्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला शास्त्रोक्त जागी सुया टोचल्या, दुसऱ्याला भलत्याच जागी, वरवर. तिसऱ्याला औषधं, व्यायाम असे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के रुग्णांना आराम होता. सुई नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली, पण ती कुठे टोचली याने जवळजवळ फरक पडला नाही. मग गुण कशाचा? टोचण्याचा, रुग्णाच्या अपेक्षेचा, की अर्धा तास कुणीतरी आपल्या पाठीकडे लक्ष दिल्याचा?

जर्मनीने हा उपचार आरोग्य विम्यात घेतला. इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेने २००९ साली पाठदुखीसाठी त्याची शिफारस केली आणि २०१६ साली ती मागे घेतली. मला स्वतःला, वर्षानुवर्षं कण्हणाऱ्या माणसाला सुईने बरं वाटत असेल तर ती नाकारणं निष्ठुरपणाचं वाटतं. निर्जंतुक सुई, जाणता हात आणि अवाजवी दावा नको, एवढ्या अटी मात्र हव्यात.

हीच सवलत आकडीला देता येत नाही. आकडीवर ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो, असं ‘कोक्रेन’ संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात सिद्ध झालं नाही. पाठदुखीत वाट पाहिली तर दुखणं लांबतं. लांबलेल्या आकडीत वाट पाहिली तर पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य औषधोपचार मिळाले, तर सत्तर टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात.

म्हणून सगळ्यांना विनंती आहे. कुणाला आकडी आली, तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा कोंबू नका. त्याला कुशीवर वळवा आणि लगेच घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली तर सरळ १०८ ला फोन करा. आणि सुरू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय, कुणाच्याही सांगण्यावरून, बंद करू नका.