प्रतिसृष्टीतील दास्य आणि संसारातील संमती

कल्पित साहित्याने उभारलेल्या जगातून एखादे तत्त्व उचलून ते प्रत्यक्ष स्त्रीपुरुषसंबंधांस लावता येते काय, हा प्रश्न वरवर साहित्यशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो नीतिशास्त्राचाही आहे. अमेरिकेत तो एका लोकप्रिय कादंबरीमालेमुळे उद्भवला. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन लँग यांनी ‘जॉन नॉर्मन’ या टोपणनावाने १९६६ पासून ‘गॉर’ नामक प्रतिपृथ्वीवरील अद्भुत कादंबऱ्या लिहिल्या. सूर्यापलीकडे दडलेल्या या ग्रहावर गुलामगिरी राजरोस चालते आणि तिला एका सिद्धान्ताचे पाठबळ आहे : सत्ता गाजविणे हा पुरुषाचा, तर शरण जाणे हा स्त्रीचा निसर्गधर्म, आधुनिक समतेने तो दडपून टाकला आहे. काही वाचकांनी या प्रतिसृष्टीकडे केवळ रंजन म्हणून न पाहता तिला आचारसंहिता मानले आणि स्वामी व दासी ही नाती आपल्या घरात तिच्या नियमांनुसार जगण्यास आरंभ केला.

मराठी वाचकास हा प्रकार विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. परंतु अद्भुताच्या आधारे दास्याचे नियम घरात आणण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. अक्कलकोट आणि गाणगापूर या क्षेत्रांकडे जाणारी वाट ज्या सोलापुरातून जाते, तेथे ‘गुरुचरित्रा’चे पारायण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. सरस्वती गंगाधरांच्या या ग्रंथात माहूरहून एक स्त्री आपल्या क्षयग्रस्त पतीला घेऊन गाणगापुरास येते. पोहोचताच पती मरण पावतो. शोकाकुल स्त्रीला एकतिसाव्या व बत्तिसाव्या अध्यायांत पतिव्रतेचे, सहगमनाचे आणि विधवेचे आचार सांगितले जातात. पुढे श्रीगुरूंच्या कृपेने पती जिवंत होतो.

या कथेचे श्रद्धेच्या क्षेत्रातील स्थान येथे विचाराधीन नाही. विचार करावयाचा तो तिच्या रचनेचा. कथेत नियम आणि चमत्कार परस्परांना बांधलेले आहेत : जिने सर्वस्व अर्पण केले तिला पती परत मिळतो, म्हणून अर्पणाची आज्ञा न्याय्य भासते. प्रत्यक्षात मात्र चमत्कार उंबरठ्याबाहेर राहिला आणि नियम तेवढे घरात आले. कोणाचाही पती उठून बसला नाही. केशवपन, एकभुक्त राहणे आणि अंधारी खोली मात्र असंख्य स्त्रियांच्या वाट्याला आली.

‘गॉर’च्या कादंबऱ्यांतही असाच एक चमत्कार आहे, तो देहाचा नसून मनाचा आहे, म्हणून चटकन दिसत नाही. १९७२ च्या ‘कॅप्टिव्ह ऑफ गॉर’ या कादंबरीची निवेदक पृथ्वीवरून पळवून नेलेली स्त्रीच आहे, आणि दास्यात आपली परिपूर्ती झाल्याची साक्ष तीच देते. ही साक्ष निर्णायक वाटते. कारण ती पीडितेच्या तोंडची आहे. परंतु ते तोंड लेखकाने घडविलेले आहे. जो सिद्धान्त सिद्ध करावयाचा, त्याच सिद्धान्तानुसार पात्राचे अंतःकरण आधी रचले गेले आहे. अ‍ॅरिस्टॉटलला ‘निसर्गतः दास’ असलेला मनुष्य निदान युक्तिवादाने शोधावा लागला. कादंबरीकार तो निर्माण करू शकतो. संसारात असा सर्वज्ञ निवेदक नसतो. समोरच्या व्यक्तीला आत काय वाटते हे तिच्याच शब्दावरून कळते, आणि तो शब्द ती उद्या बदलू शकते. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’मध्ये नेमके येथेच बोट ठेवले होते : पतीला देव मानावयाचे असेल, तर त्याने देवासारखे वागावयास नको काय? धर्मकथेतील पती आणि घरातला पती यांमधील अंतर त्यांनी उघडे केले.

यावर एक आक्षेप संभवतो. प्रौढ व्यक्ती स्वेच्छेने अशी भूमिका पत्करीत असतील, तर त्यात गैर काय? आक्षेप रास्त आहे. दोन प्रौढांनी परस्परसंमतीने मांडलेल्या खेळाचा निवाडा करण्याचा अधिकार समीक्षकास नाही. मात्र संमतीला पुढे करताच मूळ तत्त्वज्ञान मागे पडते, हे लक्षात घ्यावयास हवे. निसर्गधर्माला संमती लागत नाही. आणि ज्या दास्यातून एका शब्दासरशी बाहेर पडता येते, ते त्या प्रतिपृथ्वीवरील दास्य नव्हे. म्हणजे तत्त्वाचे काटेकोर पालन करणारा अन्याय करतो, आणि अन्याय टाळणारा तत्त्व सोडतो. स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचे स्वातंत्र्य हे स्वातंत्र्य नव्हे, असे मिलने म्हटले ते याच कारणाने : त्या एका कृतीने पुढील सर्व संमतींचा मार्ग बंद होतो.

परतीच्या दाराचे मोल रखमाबाईंच्या खटल्याने महाराष्ट्राला दाखविले. अकराव्या वर्षी इतरांनी लावून दिलेल्या विवाहाच्या आधारे पतीने १८८४ मध्ये दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदावयास जा, अन्यथा तुरुंगात जा असे फर्माविले, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. त्यांचा नकार एका पुरुषापुरता नव्हता. एकदा लादलेली संमती जन्मभराची मानण्याच्या वृत्तीला तो होता.

मग शरणागतीची ओढ खोटीच मानावयाची काय? तसे नाही. सोलापूर जिल्ह्यातच पंढरपूर आहे, आणि जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणविते. परंतु तिच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्यासवे दळण दळतो, आणि प्रसंगी ती त्याला खडसावतेही. येथे धनी जात्यापाशी येऊन बसतो; दास्याची दिशा पालटू शकते. हीही कल्पनासृष्टीच आहे, पण तिने दासीची वाणी काढून घेतलेली नाही.

प्रतिसृष्टीतील तत्त्व संसारात आणू पाहणाऱ्याने म्हणूनच ते निसर्गसंमत की शास्त्रसंमत, हे विचारण्यात अर्थ नाही. या घरात दासीला स्वामीला खडसावता येते काय, आणि तिने दार उघडले तर ते उघडते काय, एवढेच त्याने पाहावे. कादंबरी मिटता येते, म्हणूनच तिच्यातील दास्य वाचकास सुसह्य होते. जो संसार मिटता येत नाही, त्यात त्याच दास्याला शोषण म्हणावे लागते.