परिमाण कुणी ठरवायचं?

चातुर्मासात आपल्या बायका परिग्रहाचं परिमाण घेतात. शेत, घर, सोनं, धान्य, भांडीकुंडी, सगळ्याची मर्यादा बांधायची. पण पंचविशीतल्या सुनेची आणि साठीतल्या विधवेची मर्यादा एकच कशी असेल? सुनेपुढे मुलांची शिक्षणं असतात, पण कमावता नवराही असतो. विधवेपुढे औषधपाणी, आणि एकटीनं काढायची वर्षं. तरी आमच्या सीमाभागात तिलाच म्हणतात, "आता सोनं काय करायचंय अक्का? सुनांना वाटून टाका." आणि वर त्याला त्याग म्हणायचं!

जे कधी आपलं म्हणून हातात घेतलं नाही, ते सोडणार कसं? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं (तो आपल्या जैनांनाही लागू आहे) वारशानं आलेलं, लग्नात मिळालेलं बाईच्या पूर्ण मालकीचं केलं. साठीनंतर पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. एवढे कुणाकडे असतात म्हणा! पण दोन लाख ठेवले तरी दर तीन महिन्यांनी व्याज तिच्या खात्यात येतं. त्यातलं औषधाला किती, आहारदानाला किती, ते तिचं तिनं ठरवावं. पाटल्यांचं मग बघू.